न घेतलेला निरोप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीच्या दिवशी, आपल्या केंद्रात नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांचं वाचन झालं. आपल्या इथल्या उज्जैनच्या पंचांगात तोवर अगहन लागलेला असतो, पण आपण मराठी माणसं अजून कार्तिकच म्हणतो. वाचन माझ्याकडे होतं. अर्ध्यात माझा आवाज गेला आणि पुढचं एका ताईंनी वाचून पूर्ण केलं, हे बऱ्याच जणांनी पाहिलंच. नंतर काहींनी विचारलं, बरं नव्हतं का? तब्येत उत्तम होती. दुसरंच काही होतं. ते आज लिहायचं ठरवलं आहे. लिहायला मला जवळजवळ पाच वर्षं लागली.

*काय आहे त्या अभंगांत?*

ज्यांनी वाचले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६. आळंदीला इंद्रायणीकाठी सगळी संतमंडळी जमली आहेत. खुद्द पांडुरंग रुक्मिणीसह आले आहेत. नामदेवांची चार मुलं, नारा, विठा, गोंदा आणि महादा, समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. माउली सर्वांचा निरोप घेतात. हाताला धरून त्यांना आत नेतात, आसनावर बसवतात. ते तीनदा हात जोडतात आणि डोळे मिटतात. निवृत्तिनाथ बाहेर येतात आणि दारावर शिळा लागते.

एवढंच घडतं. पण नामदेव ते घाईने सांगत नाहीत. प्रत्येक जण कसा रडला, कोण कोणाला सावरत होतं, पक्षी-प्राण्यांचीसुद्धा काय अवस्था झाली, हे सगळं थांबून थांबून सांगतात. डोळ्यांनी पाहिलेल्या आणि स्वतःही रडलेल्या माणसाची ती कविता आहे.

एक गोष्ट मी आई म्हणून नेहमी मोजते. परंपरेने जी जन्मवर्षं सांगतात त्याप्रमाणे समाधी घेणारे ज्ञानदेव २१ वर्षांचे, निवृत्तिनाथ २३, सोपानदेव १९ आणि मुक्ताई अवघी १७. नामदेव २६. माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो, तो यांच्यापेक्षा मोठा आहे! आपण मूर्ती पाहतो आणि त्यांना फार वयस्कर समजून बसतो. ती चार भावंडं होती. आई-वडील आधीच देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेलेले. आणि भाऊबीज होऊन महिनाही झालेला नव्हता. मुक्ताईने त्या वर्षी भावांना ओवाळलं असेल का, हा विचार वाचताना मनात आला आणि माझा आवाज तिथेच गेला.

*माझी गोष्ट*

माझा धाकटा भाऊ इंदूरला होता. इथून पंचावन्न किलोमीटर. रोज माणसं नोकरीसाठी ये-जा करतात एवढंच अंतर. एप्रिल २०२१ मध्ये तो आजारी पडला. कोरोना कर्फ्यू होता. भावजयीलाही वॉर्डात जाऊ देत नव्हते, मग माझं काय.

त्या दिवसांत आपल्या केंद्रातून रुग्णांच्या घरी आणि दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डबे जायचे. आठवत असेल तुम्हाला. पोळ्या पंचवीस घरांतून यायच्या, भाजी-वरण दोन घरी व्हायचं आणि डबे माझ्या ओट्यावर भरले जायचे. पत्ते लिहिलेल्या चिठ्ठ्या लावायचं काम माझं. त्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. हात पिठाचे-वरणाचे होते, गाडी खाली उभी होती, सव्वीस डबे राहिले होते. मी स्क्रीनवर त्याचं नाव पाहिलं. मनात म्हटलं, डबे गेले, आरती झाली की निवांत बोलू. सकाळीच तर बोललो होतो, आवाज बरा वाटत होता.

साडेआठला मी फोन केला. उचलला गेला नाही. रात्री त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. भाच्याने किट घालून लांबून अग्नी दिला आणि आम्ही इथे बसून मोबाइलवर पाहिलं. मधेच नेट गेलं.

त्या वर्षी कार्यक्रमात कोरोनाकाळातल्या सेवेबद्दल ज्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला त्यांत मीही होते. टाळ्या वाजल्या. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. घरी आमचे हे सोडले तर हे कोणालाच माहीत नव्हतं.

*मी केलेली दुसरी चूक*

याच दिवसांत आमच्या समोरच्या वहिनींचे यजमान गेले. त्याच आजाराने, तसेच निरोपाशिवाय. चौथ्या-पाचव्या दिवशी मी दारातूनच त्यांना भेटले. त्या रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी त्यांना पाणीसुद्धा पाजलं नाही हो." मला काय बोलावं ते कळेना. मग मी जे येत होतं ते बोलले. आत्मा अमर आहे, देह म्हणजे जुनं वस्त्र. आणि आपल्या उज्जैनचीच म्हणून भर्तरीनाथांची गोष्ट सांगितली.

नवनाथ भक्तिसार आपल्याकडे श्रावणात घरोघरी वाचतात, त्यामुळे गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अवंतीचा राजा भर्तरी. राणी पिंगला पतिव्रता. राजाने तिची परीक्षा पाहायला शिकारीवरून स्वतःच्याच मृत्यूची खोटी बातमी पाठवली. पिंगलेने ती खरी मानून अग्निप्रवेश केला. राजा परत आला तर चिता. तो स्मशानात बसला, तो उठेचना. मग गोरक्षनाथ आले. त्यांनी मडकं फोडलं आणि "माझं मडकं, माझं मडकं" म्हणून शोक मांडला. राजा म्हणाला, मडक्यासाठी काय रडता, हजार मडकी देतो. नाथ म्हणाले, मग राणीसाठी काय रडतोस, मी अशा कितीतरी पिंगला उभ्या करतो. आणि करून दाखवल्या. राजाचा मोह उतरला.

वहिनींनी ऐकून घेतलं. "हो," म्हणाल्या आणि दार लावलं. त्यानंतर त्या आपल्या सत्संगाला आल्या नाहीत. मी समजले, दुःखातून बाहेर आल्या नसतील, श्रद्धा कमी पडत असेल. असं मी खरंच समजले, हे लिहिताना लाज वाटते. कारण तेव्हा मी स्वतः रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते आणि सकाळी उठून दुसऱ्यांना मडक्याची गोष्ट सांगत होते.

*मग प्रश्न असा*

आत्मा अमर आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निरोपाच्या वेळी रडावं का? आणि निरोप घ्यायचाच राहिला, तर त्याचं काय करावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला वाटायचं सोपं आहे. गीतेचा दुसरा अध्याय तेच सांगतो, शोक करू नये. पण नामदेवांचे अभंग वाचले आणि त्या सोप्या उत्तराला तडा गेला. कारण तिथे सगळ्यांत जास्त कोण कोसळलं? निवृत्तिनाथ!

जरा परंपरा आठवा. गोरक्षनाथांचे शिष्य गहिनीनाथ. गहिनीनाथांचे शिष्य निवृत्तिनाथ. म्हणजे ज्यांनी राजापुढे मडकं फोडलं, त्यांच्याच घराण्यातले नातूशिष्य हे. शिवाय नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा तोच अध्याय ओव्यांमध्ये उलगडला, तेव्हा समोर गुरू म्हणून निवृत्तिनाथच होते. आत्मा मरत नाही हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. तरीही नामदेव लिहितात की बांध फुटलेल्या तळ्यासारखी त्यांची गत झाली. आई-वडील सोडून गेले तेव्हाही आपल्याला असं झालं नव्हतं, असा त्यांचा भाव नामदेवांनी जपून ठेवला आहे. शिष्य जातो आहे, भाऊ जातो आहे, आणि गुरू रडतो आहे. नामदेवांना ते लपवावंसं वाटलं नाही. गुरूंचा कमीपणा होईल, असंही वाटलं नाही.

आपल्या गावातच आणखी एक दाखला आहे, तो मला नंतर सुचला. मंगलनाथकडे जाताना सांदीपनी आश्रम लागतो. श्रीकृष्ण आणि बलराम तिथे चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकले, असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण गुरुदक्षिणा काय मागितली होती? प्रभासच्या समुद्रात बुडालेला मुलगा परत आणून द्या, ही. भागवतात तसं आहे. सांदीपनी काही सामान्य गृहस्थ नव्हते, साक्षात भगवंताचे गुरू होते. त्यांनीही आणि गुरुमातेनेही विचार करून हेच मागितलं. तेव्हा देवाने त्यांना "आत्मा अमर आहे, शोक करू नका" असं सांगितलं नाही. तो उठला आणि मुलाला आणायला गेला.

आता कोणी म्हणेल, मग ज्ञानाचा उपयोग काय? ज्ञानीही रडणार आणि अज्ञानीही रडणार, तर सत्संग कशाला? ही शंका मलाही आली. त्यासाठी मी निवृत्तिनाथ आणि भर्तरी राजा शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

निवृत्तिनाथ रडले, पण त्यांनी ज्ञानदेवांना अडवलं नाही. हात धरून आत नेलं. बसवलं. बाहेर आले आणि शिळा लावू दिली. डोळे वाहत होते आणि हात आपलं काम करत होते. भर्तरीचं तसं नव्हतं. त्याने राज्य सोडलं, अन्न सोडलं आणि चितेजवळची जागा धरली. म्हणजे फरक अश्रूंमध्ये नाहीच. जाणाऱ्याला जाऊ देता येतं का, आणि उरलेल्यांचं आपण काही करू शकतो का, यात आहे. ज्ञान डोळे कोरडे करायला नसावं, मूठ सैल करायला असावं, असं मला वाटतं. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

*मडक्याची गोष्ट मी चुकीची सांगितली होती*

अभंग वाचल्यावर मी नवनाथांचा तो अध्याय पुन्हा काढला. दोन गोष्टी तिथेच होत्या, मी इतकी वर्षं नुसती वाचून सोडून दिल्या होत्या.

पहिली, राजा स्मशानात *बारा वर्षं* बसलेला होता. गोरक्षनाथ बारा वर्षांनी आले. चौथ्या दिवशी नाही आले! जे सत्य बारा वर्षांनी औषध होतं, ते मी पाचव्या दिवशी दारात उभं राहून दिलं. गोरक्षनाथ तर राजाजवळ स्मशानात गेले, तिथे बसले आणि आधी स्वतः रडले, मग ते रडणं दाखवण्यासाठी का असेना. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती.

दुसरी, राजा नुसता दुःखात नव्हता, अपराधात होता. खोटी बातमी त्यानेच पाठवली होती. त्याला निरोप मिळाला नाही तो त्याच्याच हाताने. म्हणून तो उठू शकत नव्हता. मला वाटतं, नुसतं दुःख माणसाला कधी ना कधी उठू देतं, पण "माझ्यामुळे" हा शब्द उठू देत नाही. वहिनींचं पाणी तसं होतं. माझा फोनही तसाच. माझ्यापुरती मीही भर्तरीच्या गुंफेतच राहत होते, फक्त ती गुंफा क्षिप्रेकाठी नव्हती, माझ्या स्वयंपाकघरात होती.

*निरोप नाही झाला तर?*

आता दुसरा प्रश्न. याचं उत्तरही मला त्याच भावंडांकडे मिळालं.

ज्ञानदेवांचा निरोप कसा झाला ते वर सांगितलं. संत, देव, फुलं, आलिंगन, सगळं यथासांग. पुढच्याच महिन्यात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. मग वैशाखात तापीकाठी मेहूणला मुक्ताई. तिला निरोप मिळालाच नाही. वीज कडाडली, डोळे दिपले आणि उघडून पाहतात तो मुक्ताई नाही. निवृत्तिनाथ जवळच होते. आलिंगन नाही, नमस्कार नाही, एक शब्द नाही. त्यानंतर महिन्याभरात त्र्यंबकेश्वरला त्यांनीही देह ठेवला.

एकाच भावाच्या वाट्याला दोन्ही आले, पूर्ण झालेला निरोप आणि न झालेला. मग ज्ञानदेव त्यांचे आणि मुक्ताई कमी त्यांची, असं झालं का? मुक्ताईचं त्यांच्याशी नातं त्या शेवटच्या क्षणावर टांगलेलं होतं का? सतरा-अठरा वर्षं जिला वाढवली, तिचं सगळं नातं विजेच्या एका क्षणाने अपुरं ठरत नाही. हे वाचताना मला पटलं. मग माझ्या भावाच्या बाबतीत का पटू नये? पन्नास वर्षांचं नातं सात वाजून दहा मिनिटांनी आलेल्या एका फोनवर मी तोलत होते.

आपली मराठी रीत पाहा. दारातून बाहेर पडताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. कोणी चुकून "जातो" म्हणालं तर घरातली वडील मंडळी रागावतात. त्याआधीच्या भाऊबीजेला तो आला होता, मास्क लावून. ओवाळून घेतलं, पोहे-जलेबी खाल्ली आणि गाडीत बसताना म्हणाला, "येतो गं ताई." मी म्हटलं, "ये, सांभाळून जा." शेवटचा निरोप ठरवून घेतला तर असाच घेतला असता ना? तो झालेला होता. तो शेवटचा आहे एवढंच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पण मी इथे स्वतःची सोडवणूक करत नाही. फोन उचलायला हवा होता. डबे दहा मिनिटांनी गेले असते तर कोणी उपाशी राहिलं नसतं. "देवाची इच्छा" म्हणून हात धुऊन मोकळं होणं मला जमत नाही आणि जमूही नये. चूक ती चूकच. तिच्याजवळ बारा वर्षं बसायचं की ती हातात घेऊन उठायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

मागच्या दर्शनाच्या वेळी हे सगळं मी महाराजांना सांगितलं. वाटलं, काही उपदेश करतील. त्यांनी विचारलं, "भावाचं नाव काय?" मी सांगितलं. मग विचारलं, "कसा होता?" मी बोलत राहिले. तो लहानपणी कसा सायकल घेऊन पळायचा, सेव कशी मुठीने खायचा. महाराज ऐकत राहिले. मागे रांग होती, तरी उठवलं नाही. त्या दिवशी मी त्याच्याबद्दल पहिल्यांदा हसून बोलले.

मग मी वहिनींकडे गेले. चप्पल काढून आत बसले आणि म्हटलं, "वहिनी, त्या वेळी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. माझाही भाऊ तसाच गेला, मी त्याचा फोन घेतला नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते." चहा पिताना त्यांनी यजमानांचे जुने फोटो काढले. सत्संगाला या असं मी म्हटलं नाही. म्हणायचंही नाही, असं ठरवूनच गेले होते.

*सेवेकऱ्यांना एवढीच विनंती*

उज्जैनमध्ये आपण रोज पहाटे भस्मारती होणाऱ्या देवाच्या गावात राहतो. मृत्यू आपल्याला नवा नाही. चक्रतीर्थावरचा धूर आपण रोज पाहतो. म्हणूनच कदाचित मृत्यूबद्दल बोलण्याची आपल्याला फार सवय झाली आहे. तेव्हा,

🔸 दुःखाच्या घरी गेल्यावर आधी बसावं. गेलेल्याचं नाव विचारावं, तो कसा होता ते विचारावं. तत्त्वज्ञान त्यांनी मागितलं तर द्यावं.

🔸 "रडू नका" म्हणू नये. निवृत्तिनाथ रडले आहेत.

🔸 "पाणी पाजलं नाही", "भेटले नाही" असं कोणी म्हणालं तर ते खोडून काढू नये, ऐकून घ्यावं. ते दुःखापेक्षा वेगळं ओझं असतं.

🔸 आणि सेवेत असताना घरच्या माणसाचा फोन आला तर हात पुसून उचलावा. डबे दोन मिनिटं थांबतात.

पुढच्या भाऊबीजेला मी ती शाल काढणार आहे. पाटावर घालीन आणि पाटासमोर निरांजन ओवाळीन. भाचा आणि भावजय येणार आहेत. त्याला "येतो" म्हणाला होतास ना, म्हणून सांगायचं आहे.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा असावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

— एक सेविका, उज्जैन केंद्र